सहा क्विंटल सोयाबीन आणि एक ग्राफिक्स कार्ड

बारावीचा किंवा पदविकेचा निकाल लागला की बुलढाणा जिल्ह्यातील अनेक घरांत अलीकडे एक नवा वाद सुरू होतो. पूर्वी असा वाद सायकलीवरून होई, पुढे तो मोटारसायकलीवरून होऊ लागला. आता तो संगणकावरून होतो. मुलाला संगणक हवा असतो आणि त्याला वडिलांची तत्त्वतः हरकत नसते. परंतु दुकानदाराने लिहून दिलेल्या यादीत एकट्या एका भागापुढे तीस-पस्तीस हजारांचा आकडा दिसला की शिक्षकाची वा कारकुनाची नोकरी करणारा बाप थबकतो. त्या भागाचे नाव ग्राफिक्स कार्ड. ‘खेळण्यावर एवढा खर्च?’ हा वडिलांचा प्रश्न असतो आणि ‘त्यावाचून संगणक घेण्यात अर्थच नाही’ हे मुलाचे उत्तर असते. या दोहोंमधून जो निर्णय निघतो तो बहुधा हिशेबाने होत नाही; घरात कोणाचा आवाज चढतो यावर तो अवलंबून राहतो. वास्तविक हा प्रश्न हौसेचा जितका आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे. कोणती वस्तू घ्यावी, किती किमतीला घ्यावी, त्या किमतीवर कोणाची सत्ता चालते आणि ग्राहकाच्या हाती नेमके काय उरते, हे सर्व प्रश्न या एका वस्तूच्या निवडीत एकवटले आहेत.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहिले पाहिजे. पडद्यावरील चित्र लक्षावधी बिंदूंचे बनलेले असते. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. खेळातील दृश्य सेकंदाला ६० वेळा बदलावयाचे असेल तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा गुंतागुंतीचे काम क्रमाने निकालात काढणारा हुशार हेडक्लार्क होय. ग्राफिक्स कार्ड ही एकाच प्रकारच्या बेरजा-गुणाकार एकाच वेळी करणाऱ्या हजारो कारकुनांची कचेरी होय. १९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड आणले आणि ‘ग्राफिक्स प्रोसेसर’ हा शब्द रूढ केला. २००६ साली एएमडीने एटीआय ही कॅनडातील कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात पाऊल टाकले, तर इंटेल २०२२ मध्ये स्वतंत्र कार्डे घेऊन स्पर्धेत उतरली. स्पर्धा म्हणावयाची ती नावापुरती. कारण २०२५ मध्ये स्वतंत्र कार्डांच्या बाजारपेठेचा ९० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या एनव्हिडियाकडे होता. पाठ्यपुस्तकातील मक्तेदारीचे प्रकरण शिकविताना याहून ताजे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

किंमत कोठे ठरते?

मे २०२५ मध्ये बाजारात आलेले ‘आरटीएक्स ५०६०’ हे मध्यम ऐपतीच्या ग्राहकासाठीचे कार्ड उदाहरणादाखल घेऊ. त्याची जाहीर किंमत २९९ डॉलर होती. डॉलरला ९० रुपये धरले तर ती २६,९१० रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर चढविला की आकडा ३१,७५४ वर जातो. वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वेगळा. कराचा भाग सुमारे ४,८४४ रुपये आहे. व्यवसायासाठी कार्ड घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला या कराची वजावट मिळू शकते. विद्यार्थ्याला ती मिळत नाही. त्याच्या बाबतीत तो अंतिम भार ठरतो.

आता हाच आकडा जिल्ह्याच्या मापाने मोजून पाहावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. त्या हिशेबाने एका मध्यम कार्डाची किंमत जवळपास सहा क्विंटल सोयाबीन होते. चिखली, मेहकर, लोणार या भागांतील कोरडवाहू एकरात सामान्य वर्षी येणारे पीक याहून फारसे अधिक नसते. आणि प्रत्यक्ष बाजारात सोयाबीनला हमीभावही मिळत नाही, हा अलीकडच्या हंगामांतील अनुभव ताजा आहे. एकराचे वर्षभराचे पीक तळहाताएवढ्या काही चकत्यांच्या मोबदल्यात द्यावे की नाही, असा हा व्यवहार आहे. तो मुळात चुकीचाच आहे असे नव्हे. परंतु तो गांभीर्याने करावयाचा व्यवहार आहे, यात शंका नाही.

डॉलरच्या भावाचा परिणामही ध्यानात घ्यावा लागेल. २०२१ च्या प्रारंभी डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता; डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० रुपयांच्या वर गेला. २९९ डॉलरची वस्तू ७३ च्या दराने करासह सुमारे २५,७५६ रुपयांना पडली असती. म्हणजे कंपनीने किमतीत एका पैचीही वाढ केली नाही, तरी केवळ रुपयाच्या घसरणीपायी भारतीय ग्राहकाला सुमारे सहा हजार रुपये अधिक मोजावे लागतात. सोयाबीन उत्पादकाचे उत्पन्न रुपयांत आणि त्याच्या मुलाचे कार्ड डॉलरांत, असा हा विषम सामना आहे.

दूरच्या बाजाराने आपले भाव ठरवावेत हा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव अचानक चढले. युद्ध थांबताच ते कोसळले. खामगावच्या शेतकऱ्याने त्या युद्धात कोणाची बाजू घेतली नव्हती. तरी त्याच्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात ठरत होता. खामगावचा कापूस मुख्य लोहमार्गावर नेण्यासाठी १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही रेल्वेशाखा सुरू झाली आणि हा संबंध लोखंडी रुळांनी पक्का झाला. त्या वेळी जिल्हा विक्रेता होता, आज तो ग्राहक आहे, फरक इतकाच. भाव दोन्ही वेळी दुसरीकडे ठरला.

गेल्या काही वर्षांत ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत हेच दोनदा घडले. २०२१ मध्ये ईथर या आभासी चलनाच्या ‘उत्खनना’साठी जगभरातून कार्डांना प्रचंड मागणी आली, त्यात टाळेबंदीनंतरच्या तुटवड्याची भर पडली, आणि जाहीर किमतीच्या दुप्पट भाव देऊनही कार्डे मिळेनाशी झाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची व्यवस्था बदलली, कार्डांची गरज संपली आणि मागणी ओसरली. हे वादळ शमते न शमते तोच कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. एनव्हिडियाने २००६ मध्ये ‘कुडा’ ही प्रणाली जाहीर करून या हजारो कारकुनांना चित्राखेरीज इतर गणितेही देण्याची सोय केली होती. तिचे फळ आता मिळाले. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या हिशेबी वर्षात कंपनीच्या सुमारे २६.९ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी जवळपास साडेबारा अब्ज डॉलर खेळांच्या कार्डांतून आले होते. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण उत्पन्न १३० अब्ज डॉलरच्या वर गेले. त्यात खेळांचा वाटा ११ अब्जांच्या थोडा वर, म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी राहिला. ज्याच्या जिवावर ही कंपनी उभी राहिली तो खेळाडू ग्राहक तिच्या दृष्टीने आता उरल्यासुरल्या मालाचा धनी झाला आहे. मेमरीच्या बाजारातही हेच दिसते. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या कंपनीने ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा धंदा गुंडाळण्याचे जाहीर केले, कारण तोच माल माहिती केंद्रांना विकण्यात तिला अधिक लाभ होता. ‘सहा महिने थांबा, संगणक स्वस्त होईल’ हा गेल्या पिढीचा व्यावहारिक सल्ला आता डोळे मिटून देता येत नाही.

नाव एक, माल दुसरा

भावावर ग्राहकाची सत्ता नाही हे मान्य केले, तरी निदान आपण काय घेत आहोत हे त्याला कळावयास हवे. नेमके येथेच घोटाळा आहे. खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे चांदी घेणारा ग्राहक दागिन्याच्या घडणावळीपूर्वी शुद्धतेची चौकशी करतो. नुसते ‘चांदी’ हे नाव त्याला पुरत नाही. तोच ग्राहक मुलासाठी कार्ड घेताना खोक्यावरील चार आकड्यांवर विसंबून राहतो.

हे आकडे किती फसवे असतात याची नोंद बाजाराच्या इतिहासातच आहे. २०१६ मध्ये ‘जीटीएक्स १०६०’ हे कार्ड ३ आणि ६ गिगाबाइट मेमरीच्या दोन रूपांत विकले गेले. फरक केवळ मेमरीचा आहे अशी ग्राहकाची समजूत होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात लहान कार्डात गणिते करणारी एककेही १,२८० ऐवजी १,१५२ होती. ‘आरटीएक्स ३०६०’ हे २०२१ मध्ये १२ गिगाबाइट मेमरीसह आले. पुढच्याच वर्षी त्याच नावाचे ८ गिगाबाइटचे आणि मेमरीकडे जाणारा रस्ता अरुंद असलेले कार्ड बाजारात उतरले. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाखाली दोन भिन्न कार्डे जाहीर झाली तेव्हा एवढी टीका झाली की त्यांपैकी दुबळे कार्ड कंपनीला मागे घ्यावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये ते ‘४०७० टीआय’ या नव्या नावाने आले. लॅपटॉपच्या बाबतीत तर नावावर जाणे अधिकच धोक्याचे आहे. ‘आरटीएक्स ४०६०’ लिहिलेल्या लॅपटॉपमधील कार्डाला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज मिळत असू शकते, आणि वीज कमी तर काम कमी. नाव तेच, शक्ती निराळी.

याहून सूक्ष्म भ्रम वेगाच्या आकड्यांचा आहे. महागाई भत्त्यावर जगणाऱ्या नोकरदाराला नाममात्र वेतन आणि वास्तव वेतन यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. पगाराचा आकडा वाढला, परंतु तेल-डाळीचे भाव त्याच प्रमाणात चढले, तर संसार होता तेथेच राहतो. कार्डांच्या जाहिरातींतील ‘सेकंदाला इतक्या फ्रेम’ हा आकडा आता असाच नाममात्र होऊ लागला आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ‘५०७०’ हे कार्ड आदल्या पिढीतील सर्वांत महागड्या ‘४०९०’ ची कामगिरी देईल असे सांगितले. ‘४०९०’ ची जाहीर किंमत १,५९९ डॉलर होती. या विधानातील मेख अशी की नव्या तंत्रात प्रत्यक्ष गणिताने काढलेल्या एका चित्रामागे तीनपर्यंत चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंदाजाने भरली जातात. पडद्यावरील हालचाल त्यामुळे गुळगुळीत दिसते हे खरे. परंतु बोटाने कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब त्याने घटत नाही. ही फसवणूक नव्हे, पण ते वास्तव उत्पन्नही नव्हे. तुलना करताना अंदाजाची चित्रे वगळून उरलेला आकडा पाहावा; तोच स्थिर भावांनुसार काढलेला आकडा होय.

गरजेपासून प्रारंभ

मग निवड कशी करावी? दुकानदाराच्या यादीपासून सुरुवात करून आपल्या गरजेकडे येण्याची जी रीत पडली आहे ती उलटी केली पाहिजे. प्रारंभ खेळापासून आणि पडद्यापासून व्हावा. २०२० मध्ये आलेला ‘व्हॅलोरंट’ हा विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेला खेळ घ्या. त्याच्या निर्मात्यांनी सांगितलेली किमान गरज ‘इंटेल एचडी ४०००’ ही, म्हणजे २०१२ च्या प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेल्या चित्रव्यवस्थेची आहे. हाच किंवा या जातीचा खेळ खेळावयाचा असेल तर चांगल्या अंगभूत चित्रव्यवस्थेचा प्रोसेसर घेऊन स्वतंत्र कार्डाचा खर्च पूर्णतः वाचविता येतो, निदान वर्षभर पुढे ढकलता येतो. याउलट डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ यांसारख्या खेळांना प्रकाशकिरणांचे गणित करणारे आणि किमान ८ गिगाबाइट मेमरीचे कार्डच लागते. ‘गेमिंगसाठी’ हा एकच शब्द या दोन्ही गरजांना लावला जातो, हीच पहिली चूक होय.

पडद्याचेही तसेच. २,५६० बाय १,४४० चा पडदा साध्या पडद्याच्या पावणेदोनपटींहून अधिक काम मागतो, तर ३,८४० बाय २,१६० चा चौपट. घरात साधा, सेकंदाला ६० चित्रे दाखविणारा पडदा असेल तर १५० चित्रे काढणाऱ्या कार्डाचा बराचसा लाभ वाया जातो. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम येथे शब्दशः खरा ठरतो: पहिल्या ६० चित्रांचे मोल मोठे, पुढच्या ६० चे कमी, आणि पडदा दाखवूच शकत नाही त्या चित्रांचे जवळजवळ शून्य.

मात्र एका बाबतीत अधिक खर्च करणे शहाणपणाचे आहे, आणि ती बाब म्हणजे मेमरी. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या एएमडीच्या ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ या कार्डाची ८ गिगाबाइटच्या रूपातील जाहीर किंमत २९९ डॉलर आणि १६ गिगाबाइटच्या रूपातील ३४९ डॉलर होती. एनव्हिडियाच्या ‘५०६० टीआय’ मध्येही याच दोन रूपांत ५० डॉलरचाच फरक होता. हे ५० डॉलर करासह ५,३१० रुपये होतात. म्हणजे पुन्हा सोयाबीनच्या मापाने, एक क्विंटल. आजच्या नव्या खेळांची किमान गरजच ८ गिगाबाइट असताना त्याच आकड्यावर थांबणे म्हणजे पहिल्या दिवसापासून काठावर उभे राहणे होय. कार्डाची मेमरी नंतर वाढविता येत नाही. चार वर्षे वापरावयाच्या वस्तूवर एक क्विंटल अधिक खर्च करून दोन वर्षांचे आयुष्य वाढत असेल तर तो खर्च उधळपट्टीत मोडत नाही.

स्वस्ताईचेही पथ्य असते. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने १२ गिगाबाइट मेमरीचे ‘आर्क बी ५८०’ हे कार्ड २४९ डॉलरला आणले आणि त्याचे स्वागत झाले. परंतु जुन्या प्रोसेसरबरोबर ते बरेच मंदावते, असे लवकरच आढळले. सर्वांत स्वस्त कार्डाकडे वळणाऱ्याच्या घरीच बहुधा जुना संगणक असतो. म्हणजे ज्याला ते परवडते त्यालाच ते पुरेसे मानवत नाही. त्याचप्रमाणे अभियांत्रिकीचा वा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास करणाऱ्याला ‘कुडा’ची गरज खरोखर पडू शकते, कारण त्या क्षेत्रातील पुष्कळ साधने तिच्यावरच उभी आहेत. परंतु ‘अभ्यासासाठी’ हे कारण पुढे करून अधिक किंमत देणाऱ्याने कोणत्या विषयासाठी कोणते साधन वापरणार, हे आधी कागदावर लिहून दाखवावे. लिहिता आले नाही तर कारण खोटे समजावे.

ऊन, वीज आणि जुना माल

कार्डांची परीक्षणे थंड खोल्यांत होतात. कार्डे मात्र मलकापूर-नांदुऱ्याच्या पत्र्याच्या घरांतही चालवावी लागतात. घाटावरच्या बुलढाण्यात हवा त्या मानाने सुसह्य असते; घाटाखाली उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. ठरावीक मर्यादेपर्यंत तापले की कार्ड आपला वेग आपणच कमी करते. म्हणजे महागडे पण तापट कार्ड घेणारा मे महिन्यात त्याहून स्वस्त कार्डाचीच कामगिरी मिळवितो. दोन पंख्यांऐवजी तीन पंखे, हवा खेळती राहील असे कपाट, आणि धूळ व कापसाचे तंतू महिन्यातून एकदा साफ करण्याची शिस्त यांना येथे पुण्या-मुंबईपेक्षा अधिक महत्त्व आहे.

विजेचा हिशेबही मांडावा. ‘५०६०’ हे कार्ड १४५ वॅटपर्यंत वीज घेते. रोज तीन तास पूर्ण भाराने चालले तर महिन्याला सुमारे १३ युनिट, म्हणजे युनिटला दहा रुपये धरता १३० रुपये होतात. चार वर्षांत सहा हजारांहून अधिक. ‘५०९०’ सारखे ५७५ वॅटचे कार्ड त्याच्या चौपट वीज खाईल. शिवाय संगणकातील एसएमपीएस जुना व हलक्या प्रतीचा असेल तर तो आधी बदलावा लागतो. दाब कमी-जास्त होणाऱ्या विजेवर ही काटकसर करणे म्हणजे बैलजोडी घेऊन जू उसने आणण्यासारखे आहे.

जुन्या कार्डांचा मार्ग मोहक वाटतो, आणि तो सरसकट त्याज्यही नाही. परंतु अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवून दिले ते येथे तंतोतंत लागू पडते. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक, घेणाऱ्याला नाही. साहजिकच घेणारा सरासरी भाव देतो, त्या भावात चांगल्या मालाचा मालक विकावयास येत नाही, आणि बाजारात वाईट माल उरतो. या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. रात्रंदिवस उत्खननात राबलेली कार्डे २०२२ नंतर या बाजारात आली. जुन्या कार्डावर नव्या कार्डाची ओळख चढवून विकण्याचे प्रकारही उघड झाले आहेत. म्हणून मूळ बिल, कार्डावरील क्रमांक, शिल्लक हमीचा काळ, आणि आपल्या समोर निदान अर्धा तास पूर्ण भाराने चालवून घेतलेली परीक्षा यांखेरीज पैसे मोजू नयेत. ‘जीपीयू-झेड’ या मोफत साधनाने कार्डाची खरी ओळख पाहता येते. विक्रेता या परीक्षेला तयार नसेल, तर तो नकार हीच मालाविषयीची सर्वांत विश्वसनीय माहिती समजावी.

ग्राहकाच्या हाती काय?

हप्त्यांचा मोह हा यातला शेवटचा सापळा. ‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दांनी सावध झाले पाहिजे. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज नसते तेथे ते किमतीत, शुल्कात किंवा गमावलेल्या सवलतीत दडलेले असते. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज शेजारीशेजारी लिहिली की ते बाहेर येते. छापील कमाल किमतीवर किती सूट मिळाली याचाही अभिमान बाळगू नये. ती किंमत मुळातच फुगवलेली असू शकते. दोन-तीन दुकानांचा प्रत्यक्ष विक्रीभाव हाच खरा भाव.

अकोला, जळगाव, छत्रपती संभाजीनगर येथून किंवा घरबसल्या माल मागविणाऱ्याला वाटते की कार्ड बिघडले तर दाद मागण्यासाठी त्याच शहरात खेटे घालावे लागतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे बदलले आहे. ग्राहक आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करू शकतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क नाही. मात्र त्यासाठी कराचे पक्के बिल लागते. ‘बिल नको, हजार कमी करा’ असे म्हणणारा ग्राहक हजार रुपयांत आपला हक्क विकतो.

वडीलधाऱ्यांनीही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ज्यांनी अनेक कुटुंबे उद्ध्वस्त केली आणि ज्यांच्यावर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, ते वेगळे. आणि संगणकावरील हे खेळ वेगळे. ई-स्पोर्ट्सना तर डिसेंबर २०२२ मध्ये क्रीडाप्रकार म्हणून मान्यता मिळाली आहे. रोज तीन तासांप्रमाणे चार वर्षांत ४,३८० तास होतात. ३१,७५४ रुपयांचे कार्ड आणि त्याची वीज या तासांवर वाटली तर ताशी खर्च नऊ रुपयांच्याही आत येतो. पैशाच्या दृष्टीने ही करमणूक महाग नाही. परंतु हाच हिशेब मुलानेही उलट बाजूने वाचावा: ४,३८० तास हीच या कार्डाची खरी किंमत आहे, आणि ती कोणत्याही बिलावर छापलेली नसते. वैकल्पिक खर्चाचे तत्त्व परीक्षेत लिहून गुण मिळविण्यापुरते नाही.

शासनाचे कर्तव्यही यात आहे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या, दहा हजार तीनशे कोटींहून अधिक रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेत ३८ हजारांहून अधिक ग्राफिक्स प्रोसेसर उपलब्ध करून त्यांचा वापर ताशी सुमारे ६५ रुपयांच्या अनुदानित दराने देण्याचे धोरण आखले गेले. ही सोय शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा जिल्ह्यातील एखाद्या पदविका संस्थेतील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चार चांगली कार्डे सायंकाळीही खुली राहिली, तर ‘अभ्यासासाठी’ म्हणून वीस घरांत होणारा खर्च टळेल. त्याचबरोबर मेमरी, तिचा रस्ता किती रुंद आहे आणि वीज किती लागते, हे तीन आकडे खोक्यावर व जाहिरातीत नावाइतक्याच ठळकपणे छापण्याची सक्ती व्हावयास हवी. चांदीला जी खूण लागते ती कार्डालाही लागावी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर कुटुंबाने एका संध्याकाळी कागद घेऊन बसावे. मुलाने खेळांची, पडद्याची व अभ्यासाच्या साधनांची यादी करावी आणि वडिलांनी वीज, हप्ते व हमी यांचे गणित मांडावे. काही घरांत त्या कागदावरून कार्ड न घेण्याचा निर्णय निघेल, काही घरांत एक क्विंटल अधिक देऊन चांगले कार्ड घेण्याचा निघेल. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. दीडशे वर्षांपूर्वी खामगावच्या बाजारात कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला लिव्हरपूलचा भाव बदलता येत नव्हता. परंतु तराजूच्या काट्यावर डोळा ठेवणे त्याच्या हाती होते, आणि शहाणा शेतकरी तो ठेवीत असे. भाव आजही दूर देशी ठरतो. माप मात्र अजून आपल्याच हाती आहे.